तीस मोळ्या की दोन खेपा?

मुलांनो, तुमच्या घरी चहा किती वेळात होतो? बटण फिरवलं, लायटर दाबला, की पाच-सात मिनिटांत चहा कपात. वावरला मात्र आषाढातल्या चहाची तयारी चैत्रातच सुरू होते. खोटं वाटतं ना? मग आज जरा तिकडेच जाऊ.

वावर हे जव्हार तालुक्यातलं एक डोंगराळ गाव. शेजारच्या वांगणीशी त्याची अशी जोडी जमलेली, की लोक दोन्ही नावं एका दमात घेतात : वावर-वांगणी. मराठी मुलखात बऱ्याच ठिकाणी 'वावर' म्हणजे शेत. पण हे नाव घरातल्या मोठ्या माणसांसमोर घेऊन पाहा. त्यांना शेत आठवणार नाही, १९९२ साल आठवेल. त्या वर्षी इथली लहान लहान मुलं कुपोषणानं दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हापासून जव्हार आणि मोखाडा हे तालुके पालघरमध्ये आहेत.

भुकेची गोष्ट निघाली की आपण धान्याबद्दल बोलतो. तांदूळ किती, नागली किती, रेशन मिळालं की नाही. बरोबरच आहे. पण कच्ची नागली कुणी खात नाही. ती शिजवायला, भाजायला विस्तव लागतो, आणि विस्तवाला सरपण. डब्यात पीठ आहे आणि चुलीत लाकूड ओलं आहे, अशा घरात एकदाच काय ते रांधतात आणि मूल दुपारी गारढोण तेच खातं. म्हणून आजची गोष्ट सरपणाची.

जव्हारचा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस कोसळतो. जूनमध्ये लागला की सप्टेंबरपर्यंत डोंगर, पायवाट, झाडं, सगळं निथळत असतं. या चार महिन्यांत रानात कोरडी काडी मिळणं कठीण. शिवाय हेच दिवस लावणीचे आणि बेणणीचे, म्हणजे मोकळा हात कुणाचाच नाही. त्यामुळे पावसाळ्याची बेगमी करायची ती उन्हाळ्यातच. मीठ-मिरची, सुकी मासळी, धान्य आणि पडवीत छपरापर्यंत रचलेली लाकडं. पडवीतली रास पाहिली की घरात किती माणसं आहेत नि बाई किती कामाची आहे, ते जाणत्या माणसाला कळतं.

आता सरपण म्हणजे दिसेल ते लाकूड, असं मुळीच नाही बरं का! पांगारा आणि सावर यांचं लाकूड हलकं, पोकळ. भुर्रकन पेटतं आणि तेवढ्याच लवकर विझतं. खैर, धावडा, ऐन ही जड लाकडं. पेटायला आढेवेढे घेतात, पण एकदा पेटली की निखारा तासन् तास टिकतो. म्हणजे चूल पेटवायला काटक्या आणि हलकं लाकूड, भाकरी भाजायला जड लाकूड. मोहाला मात्र कुणी हात लावत नाही. त्याची फुलं वेचायची, टोळंबीचं तेल काढायचं, तो घरचा कमावता माणूस. त्याला चुलीत कोण घालील?

मराठीत लाकडावरच्या घावांसाठी किती शब्द आहेत, कधी मोजलेत का? झाड तोडतात, फांद्या छाटतात, ओंडका फोडतात, फळी चिरतात, काटकी मोडतात. हे शब्द उगाच वेगळे झालेले नाहीत. प्रत्येक काम वेगळं आणि त्याचं हत्यारही वेगळं.

पहिलं हत्यार कोयता. इथे रानात जाणाऱ्या माणसाच्या कमरेला मागच्या बाजूला एक आकडी असते आणि त्या आकडीत कोयता अडकवलेला असतो. दोन्ही हात मोकळे. गावचा लोहार कोयता घडवतो तो बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून. ते पोलाद लवचीक आणि चिवट. हजारो खड्ड्यांचे धक्के खाऊन झालेला पाटा पुढे वीस वर्षं फांद्या छाटतो. कोयत्याचं पातं पुढे वाकलेलं का असतं? सरळ पात्याचा घाव फांदीवर आदळतो. वाकड्या पात्याचा घाव आदळता आदळता ओढला जातो. भाकरी सुरी दाबून कापा आणि मग सुरी ओढून कापा, फरक लगेच कळेल. (सुरी आईला विचारून घ्यायची!)

दुसरं हत्यार कुऱ्हाड. लाकूड म्हणजे काय, तर उभ्या नळ्यांचा एक गच्च जुडगा. झाड याच नळ्यांतून मुळांचं पाणी शेंड्याला पोचवतं. हा जुडगा आडवा तोडायचा तर एकेक नळी कापावी लागते. उभा फोडायचा तर नळ्या नुसत्या एकमेकींपासून सुट्या करायच्या असतात. म्हणून आडवा घाव नेहमी तिरका घालतात, एकदा उजवीकडून नि एकदा डावीकडून, आणि मधली ढलपी उडवतात. फोडताना मात्र ओंडका उभा ठेवून घाव सरळ वरून. इथे कुऱ्हाड कापत नाही, पाचरीसारखी आत शिरते. समजा, कुऱ्हाडीचं पातं १५ सेंटिमीटर लांब आणि मागे ३ सेंटिमीटर जाड आहे. घर्षण बाजूला ठेवलं, तर तुमचा खाली लावलेला जोर दोन्ही बाजूंना फाकवताना पाचपट होतो. गाठ आली की मात्र सगळं गणित फसतं. गाठीत नळ्या फांदीच्या दिशेनं वळलेल्या असतात. तिथे फोडणारा शहाणा माणूस ओंडका उलटा करतो, किंवा सरळ बाजूला टाकतो. असला ओंडका होळीला उपयोगी पडतो.

या दोन हत्यारांनी झाड मारताही येतं आणि राखताही येतं. साग किंवा धावडा जमिनीलगत, तिरक्या घावानं, साल न फाडता तोडला, तर बुंध्याला पावसात धुमारे फुटतात आणि काही वर्षांत पुन्हा लाकूड उभं राहतं. घाव तिरका अशासाठी, की बुंध्यावर पाणी साचून तो कुजू नये. तेच झाड कमरेएवढ्या उंचीवर, बोथट कुऱ्हाडीनं ठेचून तोडलं, तर बुंधा फाटतो, किडतो. म्हणून कुऱ्हाडीला धार लावणं हे झाडाच्याही भल्याचं काम आहे. तरी रोजच्या चुलीसाठी सगळ्यात चांगलं लाकूड कुठलं? वाळून आपोआप पडलेलं. ते तोडावंच लागत नाही, वेचावं लागतं.

ओलं आणि वाळलेलं यातला फरक किती असेल, असं तुम्हांला वाटतं? ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे १० किलोच्या ओल्या मोळीत ५ किलो लाकूड आणि ५ लिटर पाणी! बाई डोंगर उतरून येते ती पाच लिटर पाणी डोक्यावर घेऊन, आणि घरी आल्यावर ते पाणी चुलीत जाळते. खरंच जाळते. एक किलो कोरडं लाकूड जळताना साधारण १८ मेगाज्यूल उष्णता देतं. (मेगाज्यूल म्हणजे दहा लाख ज्यूल, नववीच्या पुस्तकात भेटेल.) पाच किलोचे झाले ९०. त्यातले १३ मेगाज्यूल त्या पाच लिटरची वाफ करण्यातच संपतात. वर आच मंद होते, लाकूड पुरतं जळत नाही आणि धूर कोंडतो. तोच धूर आईच्या डोळ्यांत नि पाठीवरच्या बाळाच्या छातीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं घरातल्या चुलींच्या धुरापायी २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची मुलंच २ लाख ३७ हजारांहून जास्त होती.

हा पाण्याचा हिशेब घरी करून बघा. अंगणातली एखादी छाटलेली हिरवी फांदी घ्या, किराणा दुकानात काट्यावर वजन करा, तारीख घालून वहीत लिहा. फांदीचे बोटभर तुकडे करून गच्चीवर उन्हात ठेवा. दर रविवारी वजन करा. वजन उतरायचं थांबलं, की पहिल्या आकड्यातून शेवटचा वजा करा. उत्तर पाहून तुम्ही चकित व्हाल.

आता तोडून, वाळवून झालं. पुढचा प्रश्न : हे सगळं घरी कसं आणायचं?

एक साधा हिशेब मांडू. समजा, पाच-सहा माणसांच्या घराला रोज ६ किलो सरपण लागतं. पावसाळ्याचे १२० दिवस. म्हणजे ७२० किलो. एक मोळी २४ किलोची धरली, तर ३० मोळ्या. रान घरापासून तीन किलोमीटर असेल तर जाऊन-येऊन सहा. तिसांना सहानं गुणा : १८० किलोमीटर. एवढ्यात जव्हारहून नाशिकला चालत जाऊन परत येता येईल, आणि वरती थोडं अंतर शिल्लक राहील! त्यातली निम्मी वाट डोक्यावर २४ किलो घेऊन. ही बेगमी फक्त पावसाळ्याची. बाकीच्या आठ महिन्यांची चूल वेगळी.

मोळी बांधणं हीसुद्धा कला आहे. लांब, सरळ लाकडं खाली आणि बाहेरच्या अंगाला. वेडीवाकडी, आखूड मधे. आपट्याच्या सालीचा नाहीतर वाखाचा दोर दोन ठिकाणी आवळायचा. एकाच ठिकाणी बांधली तर मोळी चालताना पंख्यासारखी पसरते. डोक्यावर आधी चुंबळ, म्हणजे फडक्याचं पिळून केलेलं कडं. चुंबळ नसेल तर मोळीचा सगळा भार डोक्यावरच्या रुपयाएवढ्या जागेवर येईल. चुंबळ तो भार पसरवते आणि वाटोळ्या डोक्यावर सपाट मोळीला बैठक देते. ज्या बाईनं पहिल्यांदा चुंबळ केली, तिचं नाव कुठल्याच विज्ञानाच्या पुस्तकात नाही. असायला हवं होतं.

डोक्यावरच्या ओझ्याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी केलाय, बरं का. १९८६ मध्ये 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकात एक लेख आला होता. केनियातल्या लुओ बायका लहानपणापासून डोक्यावरून ओझी वाहतात, तर किकुयू बायका कपाळावरून घेतलेल्या पट्ट्यानं पाठीवर. त्यांना ओझं देऊन चालायला लावलं आणि त्या किती प्राणवायू वापरतात ते मोजलं. काय आढळलं? स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचं ओझं त्यांना जणू फुकट पडत होतं, जास्तीची शक्ती लागतच नव्हती! त्यापुढच्या प्रत्येक किलोची किंमत मात्र शरीर वसूल करत होतं. आता हा आकडा वावरच्या मोळीला लावून पाहा. ४५ किलो वजनाच्या बाईचे २० टक्के म्हणजे ९ किलो. मोळी २४ किलोची. वरच्या १५ किलोंची किंमत ती मोजते, आणि मोजते कशातून? त्याच नागलीच्या भाकरीतून. ज्या घरात खायलाच बेताचं, तिथे स्वयंपाकाच्या इंधनासाठी अंगातलं इंधन जाळायचं. १९९२ ची गोष्ट सुरुवातीला का काढली, ते आता लक्षात आलं ना?

तुम्ही म्हणाल, गावात बैल आहेत, गाडी आहे, ती कशाला ठेवलीय? अगदी बरोबर प्रश्न विचारलात.

शेतकऱ्याची जुनी अवजारं फार काटकसरीनं घडलेली असतात. एकाच जुवाला किती कामं! पावसाळ्यात त्याला नांगर जोडला, चिखलणी केली. उन्हाळ्यात नांगर सोडला, त्याच जुवाला दोर नाहीतर साखळी लावली आणि ओंडका बांधला. बैल ओंडका ओढत आणतात. जुवाच्या शिवळा त्याच, बैलांच्या गळ्यातल्या जोत्या त्याच. पण ओंडका जमिनीवरून घासत आणण्यात बैलांचा बराच जोर नुसता मातीशी झगडण्यात जातो. ओंडक्याच्या पुढच्या टोकाखाली काही सरकतं लाकूड घालून ते टोक उचलून धरलं, तर तो रुतत नाही आणि काम बरंच हलकं होतं. आणि तेच लाकूड चाकावर चढवलं, तर कठीण रस्त्यावर घासण्याच्या मानानं दहाव्या हिश्श्याच्या आसपास जोर पुरतो.

म्हणून चाकाला मान. लाकडी चाक म्हणजे सुताराची परीक्षा. मधे तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले पाटे, आणि सगळ्यांना बाहेरून करकचून धरणारी लोखंडी धाव. आस पूर्वी लाकडाचाही असायचा, आणि त्यासाठी धावड्याला फार मागणी. इंग्रजांनी तर धावड्याचं नावच 'ॲक्सलवूड' ठेवलं, म्हणजे आसाचं लाकूड! ही धाव बसवतात कशी ते पाहण्यासारखं असतं. ती चाकापेक्षा किंचित लहान करतात. मग गोवऱ्या नि लाकडांच्या आगीत तापवून लाल करतात. साडेचार मीटर घेराची धाव पाचशे अंशांनी तापली, की घेरात सुमारे पावणेतीन सेंटिमीटर वाढते. सांडशीनं उचलून ती चाकावर घालायची आणि लगेच वरून पाणी ओतायचं. चर्रर्र! धाव आकसते आणि चाकाचे सगळे सांधे आवळून टाकते. ना खिळा, ना डिंक. म्हणजे लाकूड वाहणारं चाक तयार करायलाही आधी लाकूड जाळावं लागतं.

अशा गाडीत बऱ्या रस्त्यावर पाचशे किलो लाकूड सहज बसतं. आपले ७२० किलो? दोन खेपा! तीस मोळ्या, नाहीतर दोन खेपा.

मग बायका तीस मोळ्या का वाहतात? एक कारण डोंगर. गाडीला गाडीवाट लागते आणि वाळक्या फांद्या पडलेल्या असतात घळीत, उतारावर, दगडांच्या बेचक्यात. तिथवर बैलही जात नाहीत. दुसरं कारण, बैलजोडी आणि गाडी सगळ्यांकडे नसते. तिसरं, वाळलेलं लाकूड एका जागी ढिगानं मिळत नाही, आज दोन फांद्या इथे, उद्या चार तिथे. ही कारणं खरी आहेत. पण मला वाटतं, एक चौथंही आहे. विकायचं धान्य, विकायचं गवत, घर बांधायचं लाकूड यांना गाडी जुंपली जाते, कारण त्या कामाचे पैसे दिसतात. रोजच्या चुलीचं लाकूड मात्र बाईच्या नाहीतर मुलीच्या डोक्यावर, कारण तिचे तास कुणी मोजत नाही. आई मोळीला गेली की धाकट्या भावंडाला कोण सांभाळतं? तुमच्याच वयाची कुणीतरी. तिची शाळा त्या दिवशी बुडते.

जंगलातलं लाकूड तोडायचं कुणी आणि न्यायचं कुणी, हे भांडणही जुनं आहे. जव्हार हे १९४८ पर्यंत मुकणे राजांचं संस्थान होतं आणि जंगल हे संस्थानचं मोठं उत्पन्न. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात इंग्रजांचं राज्य. तिथली लाकडं आणि कोळसा मुंबईच्या चुलींपर्यंत जायचा. तोडणारे वारली, कातकरी, कोकणा, मालक ठेकेदार. कूप तोडायचा तो मिळेल त्या मजुरीवर, आणि जमीनदाराकडे तर वेठीवर, म्हणजे फुकट. १९४५ साली डहाणू-उंबरगावच्या वारल्यांनी किसान सभेच्या लाल बावट्याखाली वेठ नाकारली. गोदावरी परुळेकर त्यांच्यात पायी फिरत होत्या. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप झाला. गोदावरीबाईंनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलंय. आठवी-नववीच्या मुलांनी जरूर वाचावं. १९४७ मध्ये, बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री असताना, ठेकेदाराऐवजी जंगल तोडणाऱ्यांनीच संस्था काढून कूप घ्यावेत अशी योजना आली. जंगल कामगार सहकारी संस्था त्यांतून उभ्या राहिल्या.

आणि राब? तो तर राहूनच गेला. भाताचं नि नागलीचं रोप जिथे करायचं, त्या जागेवर पावसाआधी ऐनाच्या वाळक्या फांद्या, पाचोळा, शेण आणि वर थोडी माती असे थर घालून जाळतात. तणाचं बी मरतं, किडे मरतात, माती भुसभुशीत होते, राखेचं खत मिळतं. हा राब. त्यासाठीही तोच कोयता आणि तेच ऐनाचं झाड. ठाणे जिल्ह्यात भातखाचराच्या जोडीला वरकस जमीन असायची ती एवढ्याचसाठी, की राबाला पाला मिळावा. इंग्रजांनी जंगल राखीव करायला सुरुवात केली तेव्हा याच पाल्यावरून एवढा असंतोष झाला, की १८८५ मध्ये सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. शेत आणि चूल, दोघांचे हात एकाच झाडाकडे. झाडाचा शेंडा नि चार फांद्या राखून बाकीची छाटली, तर पुढच्या वर्षी पाला पुन्हा येतो. सगळंच ओरबाडलं, तर पुढच्या वर्षी आणखी अर्धा किलोमीटर लांब जावं लागतं. आपल्या हिशेबात ते अर्धं किलोमीटर घालून पाहा. तीस मोळ्यांना तीस किलोमीटर वाढले!

२००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना गौण वनउपज गोळा करण्याचा हक्क त्यानं मान्य केला आणि त्या यादीत झुडपी लाकूड आणि बुंधेही धरले. गंमत पुढे आहे. २००८ च्या नियमांत ही वनउपज जंगलातून कशानं न्यायची तेही लिहिलं होतं : डोक्यावरून, सायकलवरून, हातगाडीवरून. बैलगाडीचा उल्लेखच नाही! दिल्लीत बसून नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरही मोळीच असावी. २०१२ साली तो नियम बदलला आणि 'योग्य त्या वाहनानं' असा शब्दप्रयोग आला.

आता तुमच्यातला कुणीतरी कधीचा हात वर करून बसलाय : "गॅस द्या की त्यांना!" दिलाय. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या नावावर गॅसची कनेक्शन्स आली. सिलिंडरचाही हिशेब करू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. त्याची उष्णता सुमारे ६५० मेगाज्यूल, आणि गॅसच्या शेगडीवर तिच्यातली निम्म्याहून जास्त भांड्याला मिळते. तीन दगडांच्या चुलीत शंभरातले जेमतेम दहा-पंधरा भाग भांड्यात जातात, बाकी वाऱ्यावर. ढोबळ मानानं एक सिलिंडर म्हणजे दोनशे किलो वाळलं लाकूड, आठ-नऊ मोळ्या. हे फार मोठं काम आहे आणि ते झालं हे चांगलंच झालं. अडचण अशी, की रिकामं सिलिंडर भरून घ्यायला एकदम पैसे मोजावे लागतात, आणि मोळीला पैसे पडत नाहीत. ज्या घरात मजुरी मिळाली तर पैसा, तिथे गॅस पाहुण्यांच्या चहाला आणि पावसातल्या अडचणीला. भाकरी चुलीवर.

शिवाय ज्या पाड्यापर्यंत रस्ता नाही, तिथे सिलिंडर पोचवायचं कसं? भरलेलं सिलिंडर ३० किलोच्या घरात जातं, म्हणजे आपल्या मोळीपेक्षाही जड. रिकामं झालं तरी पंधरा-सोळा किलो भरतं आणि ते परत न्यायचं असतं. वाट गाडीची असेल तर दोन-चार घरांची सिलिंडरं एकदम बैलगाडीत घालता येतात. नसेल तर पुन्हा चुंबळ.